पिशवीतली ‘तीनदा धुतलेली’ भाजी: पुन्हा धुवायची की नाही?

शेवंती

आमच्याकडे सध्या एका पालकाच्या पिशवीवरून शीतयुद्ध चालू आहे. सासूबाई सांगलीहून आल्यात. इथे ओहायोत पालक, सॅलडची पानं सगळं पिशवीबंद, वर ठळक अक्षरांत ‘तीनदा धुतलेले, खाण्यास तयार’. सासूबाईंना ते मान्य नाही. त्या पिशवी फोडतात, मिठाच्या पाण्यात टाकतात, मग नळाखाली, मग परत एकदा. पानांचा लगदा होतो. नवरा म्हणतो, कंपनीने लिहिलंय ना धुतलंय म्हणून, मग विषय संपला. मी मधे.

गंमत बाजूला ठेवते. नणंद पाचव्या महिन्यात आहे आणि रोज ऑफिसात दुपारी अशीच पिशवी उघडून खाते. अधूनमधून कुठला तरी माल परत मागवल्याची बातमी येते, तेव्हा पोटात गोळा येतो. तर जाणकारांनी सांगा: पुन्हा धुवावं का? ऑरगॅनिक घेतलं तर फरक पडतो का? फ्रोझन बरं का?

भाकरवडी_वीकेंड

सासूबाई विजयी. धागा बंद करा.

परीक्षानळी

बंद करू नका, बोलण्यासारखं खूप आहे. पालेभाजी कापून-धुऊन पिशवीत भरणाऱ्या कारखान्यांच्या तपासण्या करणं हे माझं पोट भरायचं काम आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सासूबाईंची शंका रास्त आहे, पण पुन्हा धुण्याने ती फिटत नाही.

कारखान्यात काय होतं ते आधी बघा. शेतातून आलेली पानं पट्ट्यावरून थंड पाण्याच्या वाहत्या पन्हळीत पडतात. त्या पाण्यात क्लोरीन असतं. असं दोन-तीनदा, मग मोठ्या ड्रममध्ये गरगर फिरवून पाणी काढायचं आणि पिशवी. लोकांना वाटतं की क्लोरीन पानावरचे जंतू मारून टाकतं. थोडे मारतं. चांगल्या धुण्याने पानावरचे जंतू दहा ते शंभर पटींनी कमी होतात, म्हणजे लाखाचे दहा हजार, फार तर हजार. क्लोरीनचं खरं काम वेगळं आहे: एका पानावरून सुटलेला जंतू पाण्यातून दुसऱ्या पानावर जाऊन बसू नये. पाण्यातलं क्लोरीन कमी पडलं, की त्या पन्हळीतून एका शेतातली घाण दिवसभराच्या सगळ्या मालाला लागते.

आता उरलेले जंतू कुठे असतात? पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांत. कापलेल्या कडांत. स्वतःभोवती चिकट थर करून बसलेले. नळाखाली धरून ते निघत नाहीत. आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या ओ१५७:एच७ या घातक जातीचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजाराला पुरतात.

उलट घरच्या सिंकमध्ये काल चिकन धुतलेलं असतं, चाळणी तीच, हात तेच. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २००७ मध्ये स्पष्ट सल्ला दिला की ‘धुतलेले, खाण्यास तयार’ असं लिहिलेली पिशवी पुन्हा धुऊ नका. फायदा जवळपास शून्य, नवीन जंतू लागायची शक्यता मात्र आहे.

हे फक्त तसं लिहिलेल्या पिशवीबद्दल. जुडी, गड्डा, सुटी पानं असतील तर धुवायलाच हवीत, वाहत्या पाण्याखाली. साबण लावू नका. (हसू नका, लोक लावतात.)

शेवंती

म्हणजे धुऊन उपयोग नाही, आणि न धुताही खात्री नाही? हे सासूबाईंना कसं सांगू?

मालवणी_तडका

त्यांना सांगा पालकाची पातळ भाजी करा. उकळलं की झालं. आमच्याकडे पाला कच्चा खातात ती फक्त बकरी.

परीक्षानळी

मालवणी_तडका यांचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. चांगलं वाफाळेपर्यंत शिजवलं की यातला एकही जंतू टिकत नाही.

पण पिशवी हा प्रकारच वेगळा का, ते सांगतो. २००६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत बेबी स्पिनॅचच्या पिशव्यांमधून ओ१५७ पसरला. सव्वीस राज्यांत मिळून २०० च्या आसपास लोक आजारी, तीन मृत्यू, ३१ जणांची किडनी बंद पडायची वेळ. तपासात एकच छापील कोड पुन्हापुन्हा येत होता: पी२२७ए. पी म्हणजे कारखाना, २२७ म्हणजे वर्षातला २२७ वा दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट, आणि ए म्हणजे पहिली पाळी. एका दिवसाची एक पाळी! तिथून माग काढत लोक कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो परगण्यात एका कुरणाला लागून असलेल्या शेतापर्यंत पोहोचले. तोच जंतू तिथल्या गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि जवळच्या ओढ्यात सापडला. नेमका पानावर कसा गेला हे शेवटपर्यंत ठामपणे सिद्ध झालं नाही. रानडुकरं शेतात शिरायची, विहिरींचं पाणी आणि ओढ्याचं पाणी यांचा संबंध असू शकत होता, एवढंच.

हेच जुडी विकली असती तर? त्या शेतातल्या दहा-वीस जुड्या बाधित, दहा-वीस घरं. पण पानं कापून, एकत्र धुऊन, मिसळून पिशव्यांत भरली, आणि एका वाफ्याचा प्रश्न सव्वीस राज्यांचा झाला.

दुसरं उदाहरण २०१८ चं. ॲरिझोनातल्या युमा भागातली रोमेन लेट्यूस: २१० आजारी, पाच मृत्यू. हिवाळ्यात अमेरिकेतल्या लेट्यूसचा फार मोठा वाटा त्या एका टापूतून येतो. माग काढणं महाकठीण गेलं, कारण लोकांनी खाल्लेली बहुतेक लेट्यूस कापलेली, पिशवीतली, आणि एकेका पिशवीत अनेक शेतांचा माल. त्यात एक गाठ सुटली ती अलास्कातल्या नोम या गावच्या तुरुंगात. तिथे आठ कैदी आजारी पडले होते, आणि तुरुंगाच्या स्वयंपाकघरात कापलेली पिशवी नव्हे तर अख्खे गड्डे आले होते. अख्खा गड्डा म्हणजे एक शेत. त्यामुळे तेवढा धागा सरळ एका शेतापर्यंत गेला. बाकीचा माल दोन डझनांच्या आसपास शेतांकडे बोट दाखवत होता. शेवटी तोच जंतू युमाच्या सिंचनाच्या कालव्यात सापडला. कालव्याच्या कडेला गुरांचा प्रचंड मोठा गोठा आहे.

काथ्याकूट_मास्तर

माहिती उत्तम, पण प्रमाण बघा की. एवढ्या मोठ्या देशात रोज लाखो पिशव्या खपतात. त्यात २१० माणसं. घरातून स्टेशनपर्यंत चालत जाण्यात जास्त धोका असेल. असल्या धाग्यांमुळे लोक भाजी खायचंच सोडतात आणि वेफर्स खातात.

परीक्षानळी

प्रमाणाचा मुद्दा मान्य. एका पिशवीमागे धोका अगदी कमी आहे आणि भाजी सोडू नका हेही मान्य. पण दोन गोष्टी. २१० ही नोंद झालेली माणसं. जुलाब झाले आणि घरी बसून बरे झाले ते यात येत नाहीत. आणि धोका सगळ्यांना सारखा नाही. तुमचा-माझा वेगळा, शेवंतींच्या नणंदेचा वेगळा.

वजनकाटा

बालरोगाची प्रॅक्टिस करते, पुण्यात. दोन आजार वेगळे समजून घ्या, कारण ते वागतात पूर्ण वेगळे.

ओ१५७ आणि त्याची भावंडं शिगा नावाचं विष तयार करतात. खाल्ल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पोटात भयंकर कळा, मग रक्ताचे जुलाब. ताप फारसा नसतो. बहुतेक जण आठवड्यात बरे होतात, पण पाच ते दहा टक्क्यांत ते विष किडनीवर जातं. लहान मुलांत विशेष. लघवी कमी होते, मूल पांढरंफटक पडतं. याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. आईवडिलांनी एकच लक्षात ठेवा: रक्ताचे जुलाब असताना जुलाब थांबवायची गोळी मनाने द्यायची नाही, आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक तर नाहीच नाही. या जंतूच्या बाबतीत अँटिबायोटिकने किडनीचा धोका वाढू शकतो. डॉक्टरकडे जा, आधीच्या आठवड्यात काय खाल्लं ते सांगा.

लिस्टेरिया हा दुसरा जंतू निराळा. तो फ्रिजमध्ये वाढतो. परत वाचा. बाकीचे बहुतेक जंतू थंडीत गप्प बसतात, हा चार अंशावरही हळूहळू वाढत राहतो. निरोगी माणसाला फार तर पोट बिघडेल. गर्भवतींना मात्र हा संसर्ग व्हायची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते, आणि त्रास आईला किरकोळ होतो: अंगदुखी, कणकण, ‘व्हायरल असेल’. बाळाला मात्र गर्भपात, मृत जन्म, नवजाताला मेंदूज्वर इथपर्यंत मजल जाते. लक्षणं दिसायला दोन महिनेही लागू शकतात. दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी काय खाल्लं होतं, कोणाला आठवतं?

नणंदेसाठी माझं मत (मत आहे, नियम नव्हे): या चार महिन्यांत पिशवीतलं तयार सॅलड सोडावं. काकडी, गाजर, टोमॅटो घरी धुऊन, सोलून, लगेच कापून खावं. पाला शिजवून. कच्चे मोड अजिबात नाहीत, आणि हे मात्र माझं एकटीचं मत नाही, सगळीकडे गर्भवतींना हेच सांगतात. ताप आला तर डॉक्टरांना ‘लिस्टेरिया’ हा शब्द ऐकवावा. तिथे रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहे का ते बघायची तपासणी) लगेच होतं, उपचार आहे आणि वेळेत दिला तर बाळ वाचू शकतं.

शेवंती

वजनकाटाताई, खूप आभार. तिला लिंक पाठवली. ओहायोतही असं काही झालं होतं का? कोणीतरी म्हणालं होतं.

परीक्षानळी

झालं होतं. स्प्रिंगफील्ड, ओहायो. डोल कंपनीचा सॅलडचा कारखाना. २०१५-१६ मध्ये अमेरिकेत १९ जण लिस्टेरियाने रुग्णालयात, एक मृत्यू. कॅनडात आणखी १४ रुग्ण. रुग्ण नऊ राज्यांत विखुरलेले आणि महिनोन्महिने पसरलेले, त्यामुळे कोणाला काही जुळवता येईना. मग ओहायोच्या कृषी खात्याने दुकानातून नेहमीच्या तपासणीसाठी एक पिशवी उचलली. तिच्यात लिस्टेरिया मिळाला. त्याचा जनुकीय आराखडा रुग्णांमधल्या जंतूशी जुळवला तर तोच. जानेवारी २०१६ मध्ये कारखाना बंद ठेवावा लागला. आणि नंतर एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या, तपासणी अहवालातून बाहेर आलं, की कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतही कारखान्यात लिस्टेरिया त्याआधीच सापडत होता. मला या धंद्यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट हीच वाटते. जंतू असणं हा अपघात. माहीत असून पट्टा चालू ठेवणं हा निर्णय.

लिस्टेरिया शेतातून येतो तसा कारखान्यातही मुक्काम ठोकतो. गटाराच्या जाळीत, कापणी यंत्राच्या पात्यामागे, पट्ट्याच्या सांध्यात. थंड, ओलं, पानांचा रस सांडलेला. त्याला आणखी काय हवं? पानाचा रस हा भाग गंभीर आहे. ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये दाखवलं की कापलेल्या पानांतून झिरपणारा अगदी थोडा रससुद्धा साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची वाढ झपाट्याने करतो. म्हणून पिशवीच्या तळाशी पाणी साचलंय, पानं काळपट-लिबलिबीत झालीत, तर ती घेऊ नका. घेतलेली पिशवी उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवा. ताजी दिसते म्हणून सुरक्षित असं मात्र समजू नका, हे जंतू पान सडवत नाहीत.

एल्बकाठचा

हॅम्बुर्गहून. मोडांचा विषय निघालाच आहे तर २०११ सांगायलाच हवं, कारण त्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आपली मेथी होती.

त्या मे महिन्यात इथली इस्पितळं किडनीच्या रुग्णांनी भरून गेली होती. आणि नेहमीसारखी लहान मुलं नव्हेत, धडधाकट मोठी माणसं, त्यातही बायकाच जास्त. ई. कोलायची ओ१०४:एच४ ही दुर्मीळ जात होती. शेवटी आकडा ३,८०० च्या वर गेला, ८०० हून जास्त जणांना किडनीचा त्रास, पन्नासच्या वर मृत्यू. आम्ही काकडी, टोमॅटो, लेट्यूस सगळं बंद केलं होतं, सरकारनेच तसं सांगितलं होतं. आधी हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीवर खापर फोडलं. काकडीवर ई. कोलाय होता, पण तो हा नव्हताच. तोवर स्पेनमधल्या शेतकऱ्यांच्या काकड्या ट्रॅक्टरखाली गेल्या होत्या. युरोपीय संघाला नंतर शेतकऱ्यांना भरपाईपोटी २० कोटी युरोंहून जास्त द्यावे लागले.

मूळ सापडलं कसं, ते भारी आहे. रुग्णांना विचारलं काय खाल्लं, तर मोड खाल्ल्याचं फार थोड्यांनी सांगितलं. साहजिक आहे, सॅलडवर किंवा ताटाच्या कडेला शोभेला टाकलेली चिमूटभर वस्तू कोण लक्षात ठेवतं? मग रॉबर्ट कॉख या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी रुग्णांना विचारणं सोडून आचाऱ्याला विचारलं. एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांची बिलं, मागवलेले पदार्थ, लोकांनी काढलेले फोटो, आणि स्वयंपाकघरातून प्रत्येक पदार्थात नक्की काय पडतं त्याची यादी. ज्यांच्या ताटात मोड गेले होते त्यांना आजार व्हायची शक्यता नऊपटीच्या आसपास निघाली. मोड आले होते लोअर सॅक्सनीतल्या बीननब्यूटेल गावच्या एका छोट्या फार्ममधून. ऑरगॅनिक फार्म, बरं का. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तसाच आजार फुटला, तिथले मोड वेगळ्यांनी काढलेले. दोन्हीकडे सामाईक काय? इजिप्तहून आलेलं मेथीचं बी.

मटकी_उसळ

अरे बापरे. म्हणजे आमची मोड आलेली मेथी, मूग, मटकी सगळं बाद? आमच्याकडे मेथीच्या मोडांची कच्ची कोशिंबीर मधुमेहासाठी रोज असते. बाबा सत्तरीचे आहेत.

परीक्षानळी

बाद काही नाही, कच्चे खाणं बाद. मोड काढायला जे लागतं तेच जंतूंना लागतं: ऊब, ओल, दोन-तीन दिवस. बियांच्या टरफलाच्या भेगेत चार जंतू असले तर मोड येईपर्यंत त्यांचे लाखो होतात. घरी स्वच्छ काढले तरी, कारण जंतू बियांतूनच आलेला असतो. धुऊन जात नाही. उसळ केली, वाफ आली, प्रश्न मिटला. बाबांच्या कोशिंबिरीचे मोड दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून काढा, मग दही-कांदा काय हवं ते घाला. दुकानातल्या हवाबंद डब्यातल्या मोडांनाही हेच लागू.

भाकरवडी_वीकेंड

उसळ सुरक्षित, पाव जपून. तर्रीने उरलेले जंतू.

पानमळा

निफाड तालुक्यातून. दोन एकर शेडनेटमध्ये आइसबर्ग, रोमेन, बेसिल लावतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांना आणि एका पॅकिंगवाल्याला माल जातो. आमच्या बाजूनेही कोणी बोललं पाहिजे म्हणून लिहितो.

आमच्या भागात निर्यातीच्या द्राक्षामुळे औषधांचे अंश, नोंदवह्या, तपासणी याची सवय शेतकऱ्याला लागली. पण सगळं लक्ष औषधांवर. जंतूबद्दल खरेदीदार चकार शब्द काढत नाही. गड्डा किती ग्रॅमचा, पान कुरकुरीत आहे का, बस. माझं पाणी विहिरीचं आणि ठिबकवर, म्हणजे पानाला लागत नाही. पण पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की विहिरीत गढूळ पाणी उतरतंच. आणि दुसरं, जीवामृत. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो ताजं शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन. ठिबकमधून सोडतात आणि गाळून फवारतातही. टोमॅटो-वांग्याला ठीक. लेट्यूसवर फवारलेलं बघून मला स्वतःला बरं वाटत नाही, पण बोललं की लोक अंगावर येतात.

गोधन_हेच_धन

अंगावर येणारच. देशी गाईच्या शेणात रोगजंतू नसतात, उलट ते मारणारे उपयुक्त जिवाणू असतात. हे ओ१५७ वगैरे धान्य चारलेल्या विदेशी गुरांचे रोग आहेत. पाश्चात्त्यांच्या चुका आपल्या शेतीवर लादू नका.

परीक्षानळी

जंतू गाईचा वंश विचारत नाही हो. शिगा विष करणारे ई. कोलाय जगभरच्या गुरांच्या, म्हशींच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांत सापडतात, भारतातल्याही. गाय आजारी पडत नाही म्हणून वरून कळत नाही. शेणखताला माझा विरोध नाही, कच्च्या शेणाला आहे, आणि तोही कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानापुरता. अमेरिकेचा ऑरगॅनिकचा नियमच बघा: कच्चं शेणखत घातलं आणि खायचा भाग जमिनीला टेकत असेल, तर काढणीआधी १२० दिवस जायला हवेत, टेकत नसेल तर ९०. लेट्यूस दोन-अडीच महिन्यांत निघते. म्हणजे उभ्या पिकाला घालायचा प्रश्नच येत नाही. नीट कुजवलेलं खत चालतं. नीट म्हणजे ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर जाऊन पंधरा दिवस टिकलं आणि त्या काळात पाचदा तरी ढीग उलथला. उकिरड्यावर सहा महिने पडलं होतं म्हणजे कुजलं असं नाही.

शेवंती, तुमच्या ऑरगॅनिकच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. औषधांच्या अंशांसाठी घ्यायचं तर घ्या. जंतूंच्या बाबतीत पिशवीवरच्या त्या शिक्क्याने काही फरक पडत नाही.

गोधन_हेच_धन

१२० दिवस हा आकडा कुठून आणला? आमचे आजोबा शेणाने सारवलेल्या अंगणात जेवायचे.

मालवणी_तडका

माझेही. जेवायचे उकडीचा भात आणि आमटी. लेट्यूस नव्हे.

कोपऱ्यावरचा_भाजीवाला_आठवतो

मुंबईकर. आमच्यावेळी रेल्वेच्या रुळांकडेला, नाल्याच्या पाण्यावर पालक वाढायची आणि तीच बाजारात यायची. सगळ्यांना माहीत होतं. खाऊन वाचलो, कारण आई लसणाची फोडणी देऊन शिजवायची. आता नातू तीच पालक स्मूदीत घालतो. माझ्या मते प्रश्न जंतू वाढल्याचा नाही, आपण शिजवणं सोडल्याचा आहे.

एक शंका. ॲपवरून दहा मिनिटांत चिरलेली भाजी येते: फरसबी, गाजर, सोललेला लसूण, निवडलेली मेथी. शिवाय ते ‘रेडी टू ईट’ पालक पनीरचं पाकीट, जे फ्रिजबाहेर वर्षभर टिकतं. ते तर मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

परीक्षानळी

उलटं आहे. वर्षभर टिकणारं पाकीट यातलं सगळ्यात निर्धास्त. ते बंद केल्यावर दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात, डबाबंद अन्नासारखं. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचे चिवट बीजाणूसुद्धा त्यात मरतात. पाकीट फुगलेलं किंवा फाटलेलं नसलं म्हणजे झालं. उघडल्यावर मात्र ते ताज्या भाजीसारखंच, फ्रिजमध्ये ठेवा आणि संपवा.

चिरलेली कच्ची भाजी शिजवणार असाल तर काळजी नको. कच्ची खाणार असाल तर एकच बघा: हातात आली तेव्हा गार होती का. शेतापासून गोदामापर्यंत पाच अंश आणि दुचाकीच्या पेटीत मे महिन्यातलं ऊन, असं असेल तर आधीच्या गारव्याला अर्थ उरत नाही. कापलेल्या फळांसाठी आणि भाज्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, जंतूंची मानकं आहेत. पण मानकातला नमुना प्रयोगशाळेत जातो, तुमच्या दारात नाही.

पोळीभाजी_डॉट

मीठ, व्हिनेगर, बेकिंग सोडा, लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) यांचं काय? आमच्या ग्रुपवर रोज नवीन कृती येते.

परीक्षानळी

मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या वर येतात, त्यासाठी वापरा. बेकिंग सोडा काही कीटकनाशकांचे अंश काढायला मदत करतो, जंतूंवर भरवसा नको. व्हिनेगरने जंतू थोडे कमी होतात, पण पुरेसं घातलं तर पानाला वास लागतो. लाल औषध किती टाकायचं ते घरात कोणी मोजत नाही, गुलाबी रंग बघून समाधान. जुडीसाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे बाहेरची पानं काढून टाकणं, मातीचा भाग कापणं, वाहतं पाणी, आणि मग कोरड्या स्वच्छ फडक्याने टिपणं. ओली करून फ्रिजमध्ये कोंबू नका. कोथिंबिरीलाही हेच. ती आपण कच्चीच भुरभुरतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

एल्बकाठचा

कोथिंबिरीवरून आठवलं, मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातल्या कोथिंबिरीवर अमेरिकेने २०१५ मध्ये उन्हाळ्यापुरती आयातबंदी घातली होती ना?

परीक्षानळी

हो, एप्रिल ते ऑगस्ट. तो जंतू नव्हे, सायक्लोस्पोरा नावाचा परजीवी. माणसाच्या विष्ठेतूनच पसरतो. काही शेतांत तपासणीला गेलेल्यांना वाफ्यांत विष्ठा आणि टॉयलेट पेपर सापडला. मजुरांना शौचालयच नव्हतं.

पानमळा, तुमच्याकडे कापणीला येणाऱ्या बायकांसाठी काय सोय आहे? टोमणा नाही, मनापासून विचारतोय. सगळीकडे कच्चा दुवा तिथेच असतो.

पानमळा

शेडजवळ एक बांधलंय, पाण्याची टाकी आणि साबण आहे. पण खरं सांगायचं तर ते खरेदीदाराने मागितलं म्हणून नव्हे, बायकांनीच मागितलं म्हणून. शेजारच्या शेतांत नाही. मजूर गावातल्या असतील तर घरी जातात, बाहेरून टोळी आली तर उसात.

शेवंती

फ्रोझनचं राहिलं.

वजनकाटा

फ्रोझन म्हणजे जंतू मेले, असं समजू नका. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात फ्रोझन स्वीट कॉर्नमधून लिस्टेरिया पसरला. पाच देशांत ४७ रुग्ण, नऊ मृत्यू. माल हंगेरीतल्या एका कारखान्यातून आला होता. दाणे गरम पाण्यातून काढतात तेव्हा जंतू मरतात, पण नंतर गोठवण्याच्या यंत्रणेत पुन्हा लागतात. सफाई, निर्जंतुकीकरण करूनही तीच जात वर्षानुवर्षं तिथे टिकून होती. लोक काय करतात, फ्रोझन मका कोमट पाण्यात सोडवून थेट सॅलडमध्ये. पाकिटावर ‘शिजवून खा’ लिहिलेलं असतं. शिजवला की प्रश्न नाही, आणि तसा तो पिशवीतल्या सॅलडपेक्षा गर्भवतीला बरा.

काथ्याकूट_मास्तर

चला, म्हणजे निष्कर्ष: काहीही खाऊ नका.

वजनकाटा

मास्तर, काहीही खा, गरम खा.

पानमळा

परीक्षानळी साहेब, विहिरीच्या पाण्याची तपासणी कुठली करून घेऊ? गावात पिण्याच्या पाण्याची करतात तीच चालेल का, की पिकाची वेगळी असते? आणि आकडा किती आला म्हणजे बरं समजायचं?

परीक्षानळी

‘साहेब’ नको. पाण्यातल्या ई. कोलायची मोजणी मागा, शंभर मिलिलिटरला किती ते. नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा अहवाल घेऊ नका, आकडा हवा. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. अमेरिकेने २०१५ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बऱ्याच नमुन्यांची सरासरी १२६ च्या आत असावी असा आकडा धरला होता. नंतर त्यांनीच तो बदलून, एका आकड्यावर विसंबू नका, सगळा परिसर तपासा असं केलं. पानाला पाणी लागत नाही ही तुमची जमेची बाजू. काढणीनंतर गड्डे धुता किंवा बुडवता का? धुवत असाल तर त्या पाण्याला १२६ चालणार नाही, तिथे शून्यच हवा. एक नमुना आत्ता, आणि एक पहिल्या पुरानंतर पाणी निवळल्यावर.

पानमळा

टबात बुडवतो, माती जायला. पाणी सकाळी भरतो ते दुपारपर्यंत तेच असतं. उद्या दोन्हीचे नमुने पाठवतो, विहिरीचा आणि टबाचा दुपारचा.